भिंतीवरचं कार्ड

लघवी लाल झाली तेव्हाही बाईंच्या यजमानांनी चेष्टाच केली. "चाळीस वर्षं लाल शाईनं लोकांच्या चुका काढल्या. अंगात मुरली असणार!" छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता.

बाईंना हसू आलं नाही. त्यांचा जन्म लॅबमध्ये गेला होता, शरीराचे तुकडे मेणात बसवून, केसाहून पातळ कापून काचेवर चढवण्यात. निवृत्तीला बारा वर्षं झाली, तरी तिथे 'बाई' म्हटलं की त्याच.

यजमानांच्या डाव्या किडनीत गोळा दिसला. सुईनं काढलेला नमुना बाईंच्याच लॅबमध्ये गेला. रिपोर्ट आला: नुसतं साकळलेलं रक्त, कर्करोग नाही. बाईंचा जीव भांड्यात पडला.

दोन महिन्यांनी ते न्हाणीघरात कोसळले. किडनी काढावी लागली. आता निदान निघालं: रक्तवाहिनीच्या अस्तरातून उठलेला कर्करोग. किडनीत इतका विरळा, की डॉक्टरांनीही तो प्रथमच पाहिला. तोवर फुप्फुसात ठिपके उठले होते.

"आधी कळलं असतं तर?" बाईंनी विचारलं.

"तेव्हा ठिपके नव्हते," डॉक्टर एवढंच म्हणाले.

बाई तडक लॅबमध्ये गेल्या. तिथली प्रमुख त्यांच्याच हाताखाली शिकलेली. बाई तिला अजून धाकटीच म्हणत.

"यांच्या पहिल्या नमुन्याची बाटली आहे?"

होती. तळाशी काळपट गुठळ्या. धाकटीनं त्या मेणात घातल्या, कापल्या, काचेवर चढवल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना त्यांतच कर्करोगाच्या पेशी सापडल्या.

"या गुठळ्या पुढे का नाही पाठवल्यास गं?" बाई कडाडल्या.

धाकटीनं मान खाली घातली. "बाई, तुम्हीच..." आणि तिनं भिंतीकडे बोट केलं.

टेबलाच्या वर भिंतीला पिवळं पडलेलं कार्ड चिकटवलेलं होतं. 'रक्ताच्या गुठळ्या वेगळ्या काढा. फक्त मांसाचा तुकडा पुढे न्या.' गुठळीचा पातीखाली भुगा होतो, काच वाया जाते, म्हणून कधीतरी वैतागून लिहिलेलं. अक्षर बाईंचं. वळणदार.

दवाखान्यात यजमानांच्या हाताला औषधाची नळी लावलेली होती. अशी दर आठवड्याला लावायची, गुण येईल याची खात्री नाही. बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि सगळं सांगितलं, कार्डासकट.

ते नळीतले थेंब मोजायचे थांबले.

"कार्ड अजून तिथंच आहे?"

"हो."

"मग इथं काय बसलीस? माझ्या डब्यातली लाल पेन्सिल घे."

"अहो, रागवा तरी माझ्यावर."

"रागवणार आहे. पोटभर रागवणार आहे. आधी जाऊन ये."

लॅबमध्ये बाईंनी कार्डावरच्या दोन्ही ओळी खोडल्या. रेघ वाकडी गेली. खाली लिहिलं, 'गुठळी फेकू नका. सगळी तपासा.'

त्या परत आल्या तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. वळून पाहिलं नाही. पेन्सिल घ्यायला मात्र हात मागे केला.