मेज दीड हात पुढे

पाळकसाहेबांच्या नव्या झग्याचं माप घेताना शिवणकाम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पाठीचं माप नको. वर्षभर तीच बघतेय."

पाळकसाहेब हसले. मावशी हसल्या नाहीत. अकराव्या वर्षी तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते. तेव्हापासून त्या ओठांवरून बोलणं ओळखत, आणि इतकं चोख ओळखत की मंडळीतल्या बायका त्यांच्यासमोर कुजबुजायलाही कचरत.

"उपदेश कळतो मला," त्या टेप गुंडाळत म्हणाल्या. "सूचनाही कळतात. पण प्रभुभोजनाची प्रार्थना सुरू झाली की तुम्ही भिंतीकडे वळता. मग माझ्यासाठी सगळं बंद."

पाळकसाहेबांनी तोंड नीट त्यांच्याकडे करून म्हटलं, "पुस्तकात शब्द आहेत की, मावशी."

"आहेत. तोंडपाठ आहेत. पण भाकर उचलून तुम्ही 'हे माझं शरीर, तुमच्यासाठी' म्हणता ना, ते 'तुमच्यासाठी' कोणाला म्हणता? भिंतीला?"

पाळकांच्या शाळेत त्यांनी संस्कारांवर अकरा पानांचं उत्तर लिहिलं होतं, वर्गात पहिले आले होते. भाकर म्हणजे काय, प्याला म्हणजे काय, कोण काय म्हणून गेलं, सगळं त्यात होतं. तोंड कुठे करायचं हे त्या अकरा पानांत कुठेच नव्हतं. त्यांना स्वतःचा संताप आला, आणि त्यांचा संताप नेहमीप्रमाणे हातापायांत उतरला.

शनिवारी दुपारी त्यांनी बायकोला हाक मारली. देवळातलं प्रभुभोजनाचं मेज सत्तर वर्षं भिंतीला चिकटून उभं होतं. दोघांनी मिळून ते दीड हात पुढे ओढलं, मागे एक माणूस उभा राहील इतकं. जमिनीवर मेजाच्या पायांचे चार स्वच्छ चौकोन उघडे पडले.

"अहो, उद्या पंचमंडळाची बैठक आहे," बायको पदराने घाम टिपत म्हणाली. "तुमचं इथलं परीक्षेचं वर्ष संपतंय, ठेवायचं की नाही ते तेच ठरवणार. हे मेज महिनाभराने नसतं का सरकवता आलं?"

"महिनाभराने मी शहाणा झालेलो असेन. आज सरकवतो."

"मग नीट सरळ तरी ठेवा. निघायचंच असेल तर वाकड्या मेजावरून नको."

तेवढ्यात मुख्य पंच आत आले. आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेलं, म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. उपासना बरोबर पावणेअकराला संपली नाही तर ते खिशातलं घड्याळ काढून हातात धरत. त्यांनी मेजाकडे पाहिलं, मग चौकोनांकडे पाहिलं.

"हे कोणाच्या परवानगीने?"

"माझ्या."

"एका बाईसाठी सत्तर वर्षांची रीत मोडता?" त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. "प्रार्थना देवाला करायची असते, पाळकसाहेब. मंडळीला नाही."

"प्रार्थना देवालाच करतो, काका. भाकर मात्र माणसांना देतो. देताना पाठ फिरवणं मला आता जमणार नाही."

"मग उद्या बैठकीत आम्हालाही काही गोष्टी जमणार नाहीत," म्हणून घड्याळकाका निघून गेले. बायकोने मेजाचा एक कोपरा अंगठ्याने सरळ केला.

रविवारी पाळकसाहेब मेजामागे उभे राहिले. या प्रार्थनेत आजवर त्यांच्यासमोर भिंतीचा चुना असायचा, आज दीडशे चेहरे होते. डावीकडे तिसऱ्या बाकावर मावशी, डोळे त्यांच्या ओठांवर. त्यांनी सुरुवात केली. एकेक शब्द स्वच्छ, सावकाश. मावशींचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. मग ते वाक्य आलं, आणि पाळकसाहेबांनी शिकवल्याप्रमाणे दोन्ही हातांनी भाकर उचलली, थेट तोंडासमोर, आणि 'तुमच्यासाठी' तिच्याआड म्हणून मोकळे झाले.

भाकर खाली आली तेव्हा मावशी बाकाच्या कडेला झुकून, मान वाकडी करून बघत होत्या. त्यांना काही मिळालं नव्हतं.

काय हे. आठवडाभर डोक्यात तेच, पंचांशी वाकडं घेतलं, सत्तर वर्षांचं मेज हलवलं, आणि ऐनवेळी स्वतःच्याच हातांनी स्वतःचं तोंड झाकलं. भिंतीच्या काळात ती सवय कोणाच्या लक्षातही आली नव्हती. पाळकसाहेबांचे कान तापले. पुढची ओळ जिभेवर तयार होती. ती त्यांनी गिळली, भाकर छातीशी धरली आणि तेच वाक्य पुन्हा सुरू केलं.

मंडळीत चुळबुळ झाली. हे वाक्य दोनदा कोणी कधी ऐकलं नव्हतं. घड्याळकाका पहिल्या बाकावरून उठले.

"पाळकसाहेब, ते वाक्य झालं."

"तुमचं झालं, काका. त्यांचं राहिलंय."

आणि मावशींच्या डोळ्यांत बघून ते म्हणाले, "तुमच्यासाठी."

"आमेन," मावशी म्हणाल्या. आपला आवाज किती मोठा आहे याचा त्यांना अंदाज नव्हता, त्यामुळे तो छपरापर्यंत गेला. कोणी हसलं नाही. पाळकसाहेबांना पुढची ओळ सापडायला वेळ लागला, कारण डोळे भरून आले होते आणि पुस्तक दिसत नव्हतं.

उपासना अकराला पाच कमी असताना संपली. मागच्या खोलीत पंच बसले. पाळकसाहेब उभे होते, आणि मावशी कोपऱ्यात मेजावरचं कापड घडी करत होत्या. त्यांना ऐकू येत नाही म्हणून त्यांना बाहेर पाठवायचं कोणाला सुचलं नाही. घड्याळकाका खिडकीकडे तोंड करून मंडळाच्या सेक्रेटरींना ठरावाचा मजकूर सांगू लागले.

मावशींनी घडी खाली ठेवली. "काका, इकडे तोंड करून बोला."

घड्याळकाका वळले. माणूस कडक असला तरी भित्रा नव्हता. मावशींकडे बघत, शब्द सुटे करत ते म्हणाले, "पाळकसाहेबांनी महिनाअखेर जावं, असं मंडळाचं मत आहे."

"कळलं," मावशी म्हणाल्या. "आता बाहेरच्यांनाही असंच सांगा."

मावशींनी दार उघडलं. एरवी पावणेअकराला चपला शोधणाऱ्या मंडळीतलं कोणीही घरी गेलं नव्हतं. सगळे दाराकडे तोंड करून उभे होते, आणि सर्वांत पुढे पाळकीणबाई होत्या. घड्याळकाका उंबऱ्यापर्यंत गेले. त्यांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं. मग ते परत आले आणि त्यांनी सेक्रेटरींच्या हातातला कागद काढून घेऊन खिशात कोंबला.

"पुढच्या रविवारी बघू," ते म्हणाले.

"बघा," पाळकसाहेब म्हणाले. "मेज पुढच्या रविवारीही तिथंच असेल."