मावशीचा नमुना

मावशी बोलायला लागली की घड्याळसुद्धा टोले द्यायला बिचकतं, असं काका म्हणायचे. म्हणजे म्हणत असावेत. ऐकलं कुणी?

काका गेले आणि कपाट आवरताना एक कॅसेट हाती लागली. टेपरेकॉर्डर नवा आणला त्या दिवशी चालतो की नाही हे बघायला दोघांनी भरलेली. मावशी ती घेऊन तडक भाच्याकडे आली. जुन्या कॅसेटींचा आवाज सुधारून देणं हाच त्याचा धंदा.

"मी त्यांना विचारलं होतं, माझ्यावाचून तुमचं काय अडलं असतं?" मावशी म्हणाली. "ते बोलले रे काहीतरी. पण मी बोलत होते ना, ऐकू आलं नाही. तेवढं काढून दे."

"मग तेव्हाच परत विचारायचं."

"कधी विचारू? माझंच बोलून व्हायचं होतं."

भाच्यानं कॅसेट वाजवायच्या डेकचं हेड स्पिरिटनं पुसलं, बारका स्क्रू फिरवून आवाज जागेवर आणला, सगळी कॅसेट संगणकात उतरवली आणि डेक बंद केला. राहिली खरखर. ती काढायची तर संगणकाला आधी नुसत्या खरखरीचा नमुना द्यावा लागतो, म्हणजे कुणीच बोलत नाही असा तुकडा. असा तुकडा कॅसेटभर नव्हता. मावशी श्वाससुद्धा शब्दाच्या आडून घेत होती. शेवटी भाच्यानं अक्कल गहाण ठेवली आणि मावशीच्या बोलण्याचाच तुकडा नमुना म्हणून दिला. हे काढून टाक, असं संगणकाला सांगून उतरवलेला आवाज लावला आणि पडद्यावरची पट्टी वर सरकवली.

स्पीकरमधली मावशी विरत गेली. आणि मागे खुर्चीत बसून शेजारणीच्या जिन्याची हकिगत सांगणारी मावशीही विरत गेली. म्हणजे मावशी होती, ओठ चालू होते, हातवारे जोरात होते, आवाज तेवढा नव्हता. तिनं भाच्याच्या पाठीत धपाटा घातला. धपाटा मात्र खणखणीत वाजला.

त्यानं घाबरून पट्टी खाली ओढायला हात घातला, तोच काकांचा आवाज आला. स्वच्छ, कानाशी बसल्यासारखा.

"तू थांबलीस तर सांगतो."

मावशीनं भाच्याचं मनगट धरलं. मग खुर्ची पुढे ओढली, हात मांडीवर ठेवले आणि ओठ मिटले. संसार झाला तिचा, पण काकांचं ऐकायला ती आज पहिल्यांदा बसली होती.

"थांबलीस?" काकांचा विश्वास बसेना. "खरंच थांबलीस?"

आता सांगतील, म्हणून मावशी कान देऊन बसली.

"अगं? गप्प का झालीस? बरं वाटत नाही का?" स्पीकरमध्ये खुर्ची सरकली. "पाणी आणू? बोल ना काहीतरी. अगं, कुठं गेलीस?"

दार उघडलं. दुसरं आपटलं. काका खोल्याखोल्यांतून तिला शोधत फिरत होते. जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस आता ओरडत होता आणि ओरडता ओरडता रडवेला झाला होता. भाच्यानं पडद्याकडे पाहिलं. कॅसेट केव्हाच संपली होती. काका थांबत नव्हते.

मावशी उठली. तिनं ओ द्यायला तोंड उघडलं, नुसतंच उघडलं. तिनं टेबलावर मुठी आपटल्या, स्पीकर दोन्ही हातांनी धरून हलवला. तिचे डोळे वाहत होते. काकांच्या हाका दूर दूर जात होत्या.

भाच्यानं पट्टी पार तळाला नेली.

"आहे हो, इथंच आहे!" मावशीचा आवाज फुटला. "घर कशाला डोक्यावर घेताय?"

खरखर परत आली. तिच्या आतून पावलं जवळ आली, खुर्ची करकरली.

"हं," काका म्हणाले.

"ही खरखर राहू दे," मावशीनं डोळे पुसत भाच्याला सांगितलं. "मला उत्तर मिळालं." मग ती स्पीकरकडे वळून बसली. "तर काय सांगत होते, त्या शेजारणीचा जिना..."

"हं."