दहा मिनिटांचं ऊन

या, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट लहान आहे आणि हळू सांगायची आहे. मागच्यांना ऐकू गेली नाही तर बोल मला लागेल.

पडदेवाली बाई त्या सकाळी आपल्याच घरच्या पडद्याला तिसरं अस्तर लावत होती. लोकांचे पडदे ती एका अस्तरावर भागवी. पण पूर्वेच्या खिडकीतून कुठूनशी सुईएवढी तिरीप आत यायची आणि सरकत सरकत लेकीच्या अंथरुणाकडे जायची. बाई त्या तिरिपेवर पाय देऊन उभी राही.

लेक ठकू अडीच वर्षांची. कोपरांच्या घड्यांत, गुडघ्यांच्या मागे इसब. कातडी लालभडक, खाजवून खाजवून पाणी सुटलेली. हातांना मऊ मोजे शिवून घातले, तर पोर मोज्यांसकट खाजवी. खर्र, खर्र. ती झोपली तरी बाईच्या कानातून तो आवाज जात नसे. कापडातून कात्री फिरली तरी तोच. खरं तर तो आवाज ठकूच्या आधीचा होता.

"घर आहे की भुयार?" बाईची आई चाचपडत आत आली. नातीसाठी ती चार दिवस राहायला आली होती. "आत्ता चहा समजून औषधाची वाटी तोंडाला लावत होते मी."

"तिला ऊन सोसत नाही, आई."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या असं?"

सुई थांबली. डॉक्टरीणबाईंनी उलटंच सांगितलं होतं. कोवळ्या उन्हाने काही मुलांना आराम पडतो, काहींची खाज घामाने वाढते. आधी मलम, डोक्यावर टोपी, सकाळची दहा मिनिटं. घाम दिसला की सावलीत. करून तर पाहा. ती चिठ्ठी बाईने शिवणयंत्राच्या खणात, तळाशी सारून ठेवली होती. दोन महिने झाले त्याला.

"दहा मिनिटं म्हणाल्या," बाई म्हणाली. "मलाही दहाच सांगितली होती."

आई खाली बसली. तीस वर्षं हा विषय दोघींनी झाकून ठेवला होता.

बाई तेव्हा नऊ वर्षांची. धाकट्या भावाला असंच इसब. अंगावर काळे चट्टे, म्हणून सगळे त्याला भुंगा म्हणत. उन्हाने जखमा सुकतात असं कुणीतरी सांगितलेलं. त्याला गच्चीवर बसवायचं आणि दहा मिनिटांनी खाली आणायचं, हे ताईचं काम. एके दिवशी ताई जिन्यात बाहुलीचा झगा शिवत बसली. झगा छान जमत होता. वरून खर्र खर्र ऐकू येत होतं, म्हणून तिला घोर नव्हता. ऊन डोक्यावर आलं. मग आवाज थांबला. तिला वाटलं, बरं झालं, खाज शमली.

दुसऱ्या दिवशी ऊन लागून भुंगा गेला. ताईला कुणी रागावलंसुद्धा नाही.

"मारलं असतंस तरी चाललं असतं," बाई म्हणाली. "तू एक शब्द बोलली नाहीस."

आईने ठकूचा हात मांडीवर घेतला आणि मोज्याची गाठ सोडू लागली.

"कोणत्या तोंडाने बोलणार होते? समोरच्यांच्या अंगणात कपडे वाळत घालत होते मी. तिथून आपली गच्ची दिसायची. दोनदा पाहिलं त्याला. तू जवळ नाहीस, हेही पाहिलं." गाठ सुटेना. "म्हटलं, खाजवत नाहीये, स्वस्थ बसलाय. आणखी जरा बसू दे. लवकर बरा होईल."

"आणि मला तीस वर्षं..."

"हो," आई म्हणाली. "तुझ्यावरच राहू दिलं."

बाईने दोरा दाताने तोडला. मग उठली. खणातून चिठ्ठी काढली, पुन्हा वाचली, ठकूला मलम लावलं, टोपी घातली.

"आजी, ऊन चावतं?"

"चावायला लागलं की आपण पळायचं हं, ठके."

बाहेरच्या पायरीवर ऊन कोवळं होतं. आई बसली, तिने ठकूला बसवलं, पण मध्ये लहान मुलापुरती जागा सोडली. बाईने ती जागा पाहिली. ती तिथे बसली नाही. ठकूच्या पलीकडे बसली. घड्याळ समोर ठेवलं होतं, पण दोघींची नजर पोरीच्या कपाळावर.

खर्र, खर्र. खर्र.

ठकू थांबली. दोघींचे हात एकदम तिच्याकडे झेपावले.

"काय झालं?" ठकूने विचारलं.

"काही नाही गं," आजी म्हणाली. "खाजव. हवं तर खाजव."

उद्या सकाळी देवापुढे हात जोडाल ना, मायबाप हो, तेव्हा आपलं मागून झालं की भुंग्याची आठवण काढा. जास्त काही नको. एवढंच म्हणा, देवा, तो अजून वर बसलाय, त्याला सावलीत घे.