कुसाबाईच्या वावरावरचं पाणी

मित्रांनो, सकाळी दात घासायला तुम्ही नळ सोडता ना, त्यातून येतो तो मीच. नाशिकच्या पश्चिमेला, डोंगरांच्या मधे पसरलेला मी एक जुना जलाशय आहे. माझं पाणी तुम्ही रोज पिता, पण मला पाहिलेलं असेल तुमच्यातल्या थोड्यांनीच.

माझ्या जागी पूर्वी एक गाव होतं. ओढ्याच्या दोन्ही अंगांना मळे होते. शेवंती, झेंडू, मेथी, कोथिंबीर, सगळं नाशिकच्या बाजारात जायचं. त्यातलंच एक वावर पुंजाराम आणि कुसाबाई या जोडप्याचं. शहर वाढत होतं, त्याला प्यायला पाणी हवं होतं, म्हणून ओढ्याला आडवी मातीची भिंत घालायचं ठरलं. मोजणीला आलेल्या साहेबांनी गावकऱ्यांना पारावर बसवून सांगितलं, "तुम्ही शहराची तहान भागवताय. पहिला नळ तुमच्याच नव्या वस्तीत येईल."

कुसाबाई तेव्हा नवी सून होती. पदराआडून तिने विचारलं, "कधी येईल?"

सगळे हसले. साहेबही हसले. "धरण भरलं की लगेच!"

मी भरलो. शेवंती काढायची राहिली होती, तिच्यावरून मी चढत गेलो. माझ्या पाण्यात खणानारळाची ओटी सोडली, शहरात पेढे वाटले. वर खडकाळ माळावर नवी वस्ती वसली होती. तिथे उभी राहून कुसाबाई आपलं वावर दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. काठावर पंपघर झालं. तिथून निघालेला जाडजूड पाइप कुसाबाईच्या दारासमोरूनच शहराकडे गेला. दवाखाने, शाळा, कारखाने, नव्या नव्या कॉलन्या, सगळ्यांना मी पुरलो. शाळांच्या सहली यायच्या, मुलं टाळ्या वाजवायची. वस्तीतल्या बाया मात्र दूरच्या विहिरीवरून डोक्यावर हंडे वाहत होत्या. पुंजाराम कचेरीत खेटे घालून थकला. दर वेळी एकच उत्तर मिळे, "वस्ती हद्दीबाहेर आहे." नळाची वाट बघता बघताच तो गेला.

कुसाबाईची सून छाया शहरातल्या इंदिरानगरात भाजी विकायला जाई. एकदा ती म्हणाली, "आत्याबाई, तिथं लोक नळी लावून गाड्या धुत्यात. आपल्याच धरणाचं पाणी."

"धुऊ दे बाई," कुसाबाई म्हणाली. "आपल्या हाती काय हाय?"

दरम्यान माझीही दशा होत चालली होती. भोवतालच्या डोंगरांवरची झाडं गेली आणि पावसाबरोबर माती माझ्या पोटात येऊन बसू लागली. गाळ काढायचं बोलणं व्हायचं, काढला कधीच नाही. उन्हाळ्यात पाणी आत सरकलं की काठाला गाळ उघडा पडे. वरून कडक पापुद्रा, आत नुसता राडा.

अशाच एका उन्हाळ्यात वस्तीची ती दूरची विहीर आटली. अधूनमधून येणारा पाण्याचा टँकरही यायचा थांबला. छाया हंडा घेऊन माझ्याकडे निघाली. पंपघराचा राखणदार सहादू लांबून ओरडला, "छाया, तिकडनं नको! गाळ हाय तिथं!"

"कालबी इथूनच गेले की, सहादूभाऊ," ती म्हणाली आणि पुढे झाली.

पापुद्रा फुटला. आधी गुडघे, मग कंबर. सहादूने दोर आणून फेकला, तो पोचला नाही. तो आत शिरला तर त्याचेही पाय रुतले. लोकांनी त्याला मागे ओढलं. आरडाओरडा ऐकून कुसाबाई धावत आली. "हंडा सोड गं! हंडा सोड, छाया!"

छायाने हंडा सोडला. "आत्याबाई, पायाखाली काय लागत नाय," एवढंच तिचं ऐकू आलं.

मला हात नाहीत, मित्रांनो. मी तिथेच होतो, अगदी जवळ, आणि काही करू शकलो नाही.

कुसाबाई काठावर बसली. समोर कुठली जागा आहे ते तिला ठाऊक होतं. "आमच्याच वावरात गेली माझी पोर," ती म्हणाली. पंप चालूच होते. त्या दिवशीही शहराला वेळेवर पाणी गेलं.

बातमी छापून आली. साहेब आले, गाड्या आल्या आणि महिन्याच्या आत वस्तीत नळ आला. हद्दीची अडचण कुठे गेली, कुणास ठाऊक! नारळ फोडून झाल्यावर सर्वांत म्हातारी म्हणून कुसाबाईला तोटी सोडायला पुढे केलं. तिने सोडली. ओंजळीत पाणी घेतलं, थोडा वेळ पाहिलं आणि खाली सोडून दिलं.

"ह्यात माझी छाया हाय," ती म्हणाली. "मला नाय पिता येत."

ती आता टेकडीपलीकडच्या एका विहिरीवर जाते. या वयात, काठी टेकत. माझ्या काठाला ती पुन्हा आली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना माझा गाळ काढायला सांगा. माझ्याभोवती झाडं लावायला सांगा. आणि वरच्या अंगाच्या पाड्यावर अजून नळ नाही, हेही सांगा. यंदाही माझं पाणी उतरू लागलं आहे. आज सकाळी त्या पाड्यावरच्या दोन बाया हंडे घेऊन आल्या आणि गाळावर कुठे पाऊल टाकावं ते बघत उभ्या राहिल्या. मागे फिरा, असं मला त्यांना ओरडून सांगता येत नाही.