दोन वेढे

फेब्रुवारीतल्या एका रविवारी खोऱ्यातले पॅराग्लायडर उडवणारे आपापली राखीव पॅराशूटं घेऊन शाळेच्या व्यायामशाळेत जमत. हवेत मुख्य छत्र मिटलं तर हाताने फेकून उघडायची ही पॅराशूटं बुर्गी उलगडून, हवा देऊन पुन्हा घडी घालून देई. सव्वीस वर्षं हेच चाललेलं. प्रत्येक घडीच्या चिठ्ठीवर तारीख आणि तिची सही.

यंदा मंडळी यायच्या आधीच तिने पॅराशूट बनवणाऱ्या कंपनीचं पत्रक टेबलावर आपटलं. "दोऱ्यांच्या जुडीला रबराचा एकच वेढा. दोन बंद."

क्लबचा अध्यक्ष विन्झेन्झ भडकला. दोन वेढ्यांची रीत त्याच्या वडिलांची. क्लब त्यांनीच काढलेला आणि बुर्गीला घडी शिकवली तीही त्यांनीच.

"आमच्या बाबांनी काय आयुष्यभर गवत उपटलं?"

"तेव्हा दोऱ्या जाड होत्या, एक वेढा निसटायचा. आता दोऱ्या सुतासारख्या झाल्यात. दोन वेढे त्यांना चावून बसतात."

"सव्वीस वर्षांत मेलं का कुणी?"

"फेकलं किती जणांनी ते विचार. तिघांनी! तिघांचीही जुन्या दोऱ्यांची होती."

"माझी घडी बाबांच्या रीतीनेच घालायची. नाहीतर क्लबच्या सामानाच्या कपाटाची किल्ली ठेव, मी दुसरं माणूस बघतो."

"ठेवते की. आधी तुझं फेकून दाखव."

छताखाली तिरका दोर बांधलेला होताच. पट्ट्यांत बसून त्यावरून घसरत यायचं आणि आरोळी ऐकली की राखीव फेकायचं, ही इथली दरवर्षीची परीक्षा. विन्झेन्झ तावातावाने वर चढला. "फेक!" बुर्गी ओरडली. त्याने फेकलं. दोऱ्या अर्ध्यावर अडल्या आणि गाठोडं बंदच्या बंद गादीवर धप्पकन आपटलं. आता हातच्या कांकणाला आरसा कशाला?

विन्झेन्झचा चेहरा पांढराफटक पडला. लटकल्या लटकल्याच तो पुटपुटला, "बुर्गी, गुपचूप एकेक वेढा घालून टाक. कुणाला बोलू नकोस. चिठ्ठ्यांवर सही तुझी आहे, नाचक्की तुझीच होईल."

ते खरंच होतं. पण ती थेट दाराशी गेली आणि दोन्ही फळ्या सताड उघडून तिने अंगणातल्या अडतीस जणांना आत घेतलं.

"गेल्या वर्षी तुमची सगळ्यांची घडी मी चुकीची घातली," ती खड्या आवाजात म्हणाली. "हे पत्रक तेव्हाच आलं होतं. मला सगळं येतं अशा तोऱ्यात मी ते न वाचता खणात टाकलं. वर्षभर तुम्ही त्याच भरवशावर उडलात. आता सगळी उघडायची. माझ्या हातची नको असेल त्याने खुशाल जावं. किल्ली मात्र मी देणार नाही. माझी चूक मीच निस्तरणार."

दोघे निघून गेले. बाकीचे जमिनीवर बसले आणि आपापली गाठोडी सोडू लागले.

"अरे, आधी मला खाली तर घ्या!" वरून विन्झेन्झ ओरडला.

"तुझा नंबर शेवटचा," बुर्गी म्हणाली आणि तिने त्याच्या चिठ्ठीवरची आपली सही खोडली.