गोदावरीच्या दक्षिणेला

गुरू सिंह राशीत शिरला आणि देवळाली प्रवऱ्याच्या दाऊद बँडवाल्याच्या घरी चूल एकच वेळ पेटू लागली. आकाशातल्या ग्रहाचं एका मुसलमान वाजंत्र्याशी काय वाकडं, असं कुणी म्हणेल. पण बारा वर्षांनी सिंहस्थ आला की गावात वर्षभर लग्नं होत नसत, आणि लग्नंच नाहीत तर बँड काय उसाच्या फडात वाजवायचा? गावात मुसलमानांची घरं पंधरा. त्यांच्यात वर्षाकाठी दोन लग्नं, तीही भावकीतली, म्हणजे फुकट.

सन चव्वेचाळीसची गोष्ट. आदल्याच हंगामात दाऊदनं नगरच्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याची सगळी वाद्यं विकत घेतली होती. लढाईमुळं पितळेला सोन्याचा भाव. चारशे रुपये गावच्या सावकारानं, आप्पासाहेबांनी दिले, महिना वीसचा हप्ता ठरला. तीन हप्ते थकले तर वाद्यं आप्पासाहेबांची, असं कागदावर होतं. दाऊदनं खुशीत अंगठा उठवला. चालू सालचं पंचांग त्याला जोशीबुवांइतकं पाठ होतं. कुठल्या महिन्यात किती मुहूर्त, हे तो बोटांवर सांगे. पावसाळ्यात लग्नं नसतात म्हणून चार महिन्यांची बेगमीही करून ठेवी. फक्त पुढच्या सालचा गुरू हिशेबात धरायचा राहिला.

कार्तिकापर्यंतचे हप्ते बेगमीतून गेले. मार्गशीर्षात शेळी गेली. पौषात खातूननं पायातले तोडे काढून नवऱ्यापुढं ठेवले.

"हप्ता चुकवू नका," ती म्हणाली. "वाजा ऱ्हायला तर तोडे परत येतील."

दाऊद हप्ता देऊन आला, पण परतताना त्याच्या लक्षात आलं की आता घरात विकण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून हप्ता थकायच्या आधीच तो आपण होऊन आप्पासाहेबांच्या ओसरीवर गेला. बुडवणारा माणूस असं करत नाही. तो तोंड चुकवतो.

"आप्पासाहेब, गुरू सिंहेतून निघंपतुर हप्ता निम्मा करा. धा-धा देतो, ऊस तोडून देतो. पुढल्या हंगामात दुप्पट घ्या, याज वर घ्या. पर वाद्यं ऱ्हाऊ द्या."

आप्पासाहेबांनी सुपारी कातरली. "दाऊद, गुरूनं मला अंगठा दिल्याला न्हाई. तू दिलाय."

झालं बोलणं. दाऊद तिथून उठला तो विष्णुपंत जोशांकडं गेला. गावातलं एकही लग्न त्यांच्या मुहूर्तावाचून लागत नसे.

"पंत, किती दिस हाय हे?"

"तेरा महिने," पंत म्हणाले. "माझीही दक्षिणा बंदच आहे की. शास्त्राला कुणाची दयामाया नसते, बाबा."

दाऊदनं मान डोलावली. दुसऱ्याच्या धर्माच्या गोष्टीत उलट काय विचारायचं? बापानं तेवढी अदब शिकवली होती. ही अदबच त्याला नडली.

कारण माघात राहुरीकडचा एक माळी, गोरक्ष, घर शोधत आला. मुलीचं ठरलं होतं, मुलाकडच्यांना घाई होती, आणि दाऊद मुहूर्तांचा जाणकार म्हणून गोरक्षनं आधी त्यालाच गाठलं. "आता बार उडवून द्यावा म्हनतो. चालंल का? हे तीस रुपये इसार."

तीस रुपये! एक हप्ता देऊन दहा दिवसांची ज्वारी. दाराआड खातून ऐकत होती. नुसतं 'चालतंय की' म्हणायचं होतं.

"न्हाई पाव्हनं," तो म्हणाला. "सिंहस्थ हाय. माझ्या पोटापायी तुमच्या लेकीच्या जन्माचं वाटोळं नको. थांबा."

गोरक्षनं त्याला हात जोडले, पैसे परत कमरेला खोचले आणि गेला. खातून त्या दिवशी जेवली नाही. दाऊदच्या मनात मात्र आपण इमान राखल्याची ऊब होती. ती चैत्रापर्यंत टिकली.

चैत्रअखेर तिसरा हप्ता थकला आणि आप्पासाहेबांची बैलगाडी दारात आली. ढोल, ताशे, पितळी कर्णे, शेवटी क्लॅरिनेट. दिलेल्या पैशांचं विचारलं, तर ते व्याजात गेले म्हणे.

आणि वैशाखात आप्पासाहेबांच्या लेकीचं, दमयंतीचं लग्न निघालं! मुलगा लष्करी कचेरीत कारकून, वीस दिवसांची रजा घेऊन आलेला. असं स्थळ थांबतंय होय? दाऊदला बोलावणं आलं: वाद्यं आमची, वाजवायला ये, दोन रुपये मिळतील. तो गेला. न जाऊन काय खाणार होता?

सकाळचा मुहूर्त होता. मांडवात दाऊदनं विष्णुपंतांना गाठलं.

"पंत, गुरू निघाला का सिंहेतनं?"

"अजून नाही." पंत अक्षता कालवत होते. "पण गोदावरीच्या दक्षिण तीराला हा दोष लागत नाही, असं शास्त्रवचन आहे. आपण दक्षिणेलाच की."

"ही वळ पंचांगात औंदा छापली?"

"छे रे. पूर्वापार आहे. पण लोक भितात, मग आपण कशाला पुढं होऊन सांगा? उद्या काही बरंवाईट झालं तर बोल जोशाला."

"मी इचारलं हुतं, पंत."

"तू किती दिवस ते विचारलंस. लागतो का, हे कुठं विचारलंस?"

दाऊदच्या अंगाची लाही झाली. हा शास्त्राचा कसला पंडित! स्वतः उपाशी राहिला, गावालाही ठेवलं, आणि श्रीमंताच्या दारात मात्र त्याला नदी आठवली.

तेवढ्यात पाहुण्यांतून कुणीतरी त्याचा दंड धरला. गोरक्ष होता.

"दाऊदभाई, सिंहस्थातबी लगीन लागतंय व्हय?" त्याचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "तुमच्या शब्दावर थांबलो मी. मुलाकडचं न्हाई थांबलं. दुसरी केली त्यांनी. माझी पोर घरातच हाय."

पंतांनी फसवलं म्हणावं, तर शब्द पंतांचा नव्हता, दाऊदचा होता.

अंतरपाट दूर झाला. अक्षता उडाल्या. "वाजवा रे वाजवा!" विष्णुपंत ओरडले.

गोरक्ष समोरच उभा होता. दाऊदनं क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि वाजवलं. दोन रुपये ठरले होते.