पेट्रोलच्या टाकीचं झाकण

माझ्या बाबांच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा पाच वेळा लागला आणि पाचही वेळा तो मी विझवला. सहाव्यांदा लागला त्यानंतर चार दिवसांनी बाबा गेले. हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत झुलवत ठेवायची मला हौस नाही.

गॅरेज बाबांचंच. चाळीस वर्षं त्यांनी चालवलं, मग गुडघे कुरकुरायला लागले तसं माझ्या हवाली केलं आणि घरी बसले. घरी बसले म्हणजे आईच्या डोक्यावर बसले. कुकरची शिट्टी अशी का वाजते, नळ असा का गळतो, दिवसभर हेच. मला ते उस्ताद म्हणायचे. शिकत होते तेव्हा चिडवायला म्हणायचे, नंतर कधीतरी खरंच म्हणायला लागले.

कामात मात्र त्यांनी माझे कधी लाड केले नाहीत. उडालेला फ्यूज बदलून मी हात पुसायला लागले की मागून आवाज यायचाच, "का उडाला?" वायर घासली होती. "का घासली?" क्लिप तुटली होती. "मग ती क्लिप बसव, नाहीतर तो माणूस महिनाभराने येईल आणि तुझ्या नावाने शिमगा करेल." दिवा विझवला म्हणजे दुरुस्ती झाली असं नाही, हे त्यांनी माझ्या डोक्यात इतकं ठोकून बसवलं होतं की मी ते गिऱ्हाइकांनाही ऐकवायचे. अगदी त्यांच्याच सुरात.

पहिल्यांदा दिवा लागला नऊ मार्चला. बाबा गाडी घेऊन आले, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "उस्ताद, म्हातारीला ताप आलाय." मी गाडीला स्कॅनर लावला. टाकीतली पेट्रोलची वाफ कुठूनतरी बाहेर जातेय, असं गाडीचं म्हणणं होतं. अशी गळती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नळ्यांमध्ये धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघत बसायचं. मी अर्धा तास गाडीखाली घालवला. धूर आला तो टाकीच्या झाकणातून. झाकण फिरवताना ते टिक टिक वाजतं, तीनदा वाजलं की घट्ट बसलं. हे एकदाही वाजलेलं नव्हतं.

"बाबा, झाकण ढिलं होतं."

"असं? राहिलं असेल," ते म्हणाले.

तिथेच माझ्या कानात काहीतरी वाजायला हवं होतं. पंपावरच्या माणसाला झाकणाला हात लावू न देणारे माझे बाबा. स्वतः उतरायचे, स्वतः लावायचे, वर रुमालाने पुसायचे. आईसुद्धा चिडवायची की सासऱ्यांनी हुंड्यात झाकण दिल्यासारखं जपतात. त्या माणसाचं झाकण ढिलं राहिलं आणि मी दिवा विझवून त्यांना चहा पाजला.

दोन एप्रिलला परत तेच. मी म्हटलं, रबर गेलं असेल, आणि कोरं झाकण बसवलं. वीस एप्रिलला परत. कोरं झाकण, आणि परत ढिलं. तेव्हा मला उलगडा झाला. म्हणजे झाला असं वाटलं.

बाबांना घरी करमत नाही. गॅरेजची सवय सुटत नाही. पण चाळीस वर्षांचा मालक कारणाशिवाय आपल्याच गॅरेजच्या दारात येऊन कसा उभा राहणार? म्हणून हा माणूस मुद्दाम झाकण ढिलं ठेवतो, दिवा लागू देतो आणि माझ्याकडे येतो. मला इतकं हसू आलं. थोडं भरूनही आलं. आपण फार हुशार आहोत असंही वाटलं, ते कशाला लपवू.

"बाबा, यायचं तर सरळ या ना. गाडीचं नाटक कशाला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग हसले आणि म्हणाले, "पकडलंस, उस्ताद."

आता वाटतं, मी त्यांना आयतं पांघरूण दिलं आणि त्यांनी ते ओढून घेतलं. हात चालत नाही म्हटलं असतं तर मी किल्ली काढून घेतली असती. नक्कीच घेतली असती. आणि गाडी गेली की आपण गेलो, असं ते नेहमी म्हणायचे.

चौदा मेला आले तेव्हा मी स्कॅनर लावण्याआधी झाकण फिरवलं. टिक, टिक, टिक. "झालं तुमचं काम. बसा आता, चहा प्या." ते बसले. कप डाव्या हातात धरला होता. मी ते बघितलं. माझं कामच बघायचं आहे, गाडी नुसती चालत आली तरी कुठल्या टायरात हवा कमी आहे ते मी सांगते. कप बघितला आणि पुढच्या गाडीचं बॉनेट उघडलं.

तीन जूनला मात्र माझा दिवस वाईट होता. दोन गाड्या उघड्या पडलेल्या, एक गिऱ्हाईक डोक्यावर उभं. बाबा आले आणि बाजूला उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे. गिऱ्हाईक जरा लांब गेलं तसे हळूच म्हणाले, "उस्ताद, ते ढिलं का राहतं, बघतेस का जरा?"

का. त्यांनी मला 'का' विचारलं होतं. जन्मभर मला शिकवलेला प्रश्न त्यांनी मलाच विचारला होता, आणि मी काय म्हणाले?

"तुम्ही घट्ट लावत नाही म्हणून. लहान मूल आहात का बाबा? मला इथे श्वास घ्यायला फुरसत नाही."

"बरं," ते म्हणाले.

मी झाकण फिरवलं, दिवा विझवला. ते गाडीत बसले, डाव्या हाताने खांद्यावरून पट्टा ओढला आणि डाव्याच हाताने कसाबसा अडकवला. दोनदा सुटला. मी खिडकीवर टकटक करून म्हटलं, "निघा लवकर, मागे गाडी अडलीय." हे माझं त्यांच्याशी गॅरेजमधलं शेवटचं बोलणं.

एकोणीस जूनला सकाळी आईचा फोन आला, बाबा खुर्चीतून उठत नाहीत, तोंड वाकडं झालंय. मी धावत गेले. त्यांचीच गाडी दारात होती. आईने त्यांना मागच्या सीटवर धरलं आणि मी चालवायला बसले. चावी फिरवली तर समोर पिवळा दिवा. आदल्या दिवशी पेट्रोल भरून आले होते, आई म्हणाली. दवाखान्यापर्यंतची वीस मिनिटं तो दिवा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि प्रत्येक सिग्नलला मी त्याच्याकडे बघत होते. दुसऱ्या सिग्नलला मला कळलं. पंधरा वर्षं मी हे काम करते आणि मला दुसऱ्या सिग्नलला कळलं.

डॉक्टर बाई माझ्यापेक्षा लहान होत्या. मेंदूचे फोटो बघून आल्या आणि आम्हाला बाकावर बसवलं. म्हणाल्या, "हा पहिला झटका नाही. आधी लहान लहान येऊन गेलेत. उजव्या हातातली ताकद कधीपासून कमी झाली होती?"

आई म्हणाली, "जेवताना सांडायचं हल्ली. मी म्हटलं वय झालं. मी ओरडायचे हो त्यांना." आणि ती तोंडावर पदर घेऊन रडायला लागली.

"साधारण किती दिवस? दोन आठवडे, महिना?"

मी फोन काढला. स्कॅनर लावला की प्रत्येक गाडीचा रिपोर्ट तारखेसकट फोनमध्ये राहतो. मी वाचून दाखवलं. नऊ मार्च, दोन एप्रिल, वीस एप्रिल, चौदा मे, तीन जून.

डॉक्टर लिहीत होत्या. लिहिता लिहिता थांबल्या. "इतकं नेमकं माहीत होतं? मार्चपासून? मग तेव्हा कोणाला दाखवलं नाही का?"

माझ्या नखांत कालचं काळं ग्रीस तसंच होतं. मी हात मांडीखाली घातले.

"दाखवलं होतं," मी म्हटलं. "पाचही वेळा मलाच दाखवलं होतं."